फाइल घरी येते, उपचार वाटेत राहतात

रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरचे पहिले ३० दिवस रुग्णासाठी सर्वांत नाजूक असतात. नवजात बाळासाठी या काळात कोणी, कोणत्या दिवशी घरी जायचे हे आपल्याकडे ठरलेले आहे. हृदयविकार, पक्षाघात किंवा मधुमेहाच्या रुग्णासाठी मात्र तसे काही ठरलेले नाही.

‘उद्या डिस्चार्ज आहे,’ हे वाक्य कानावर पडले की रुग्णाच्या नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. बिलाची जुळवाजुळव सुरू होते, गाडीसाठी फोन जातात, घरी भाताची पेज टाकायला सांगितले जाते. धोका टळला, आता फक्त विश्रांती, असे सगळे धरून चालतात. वैद्यकशास्त्राचे म्हणणे थोडे वेगळे आहे. रुग्णालयात रुग्णावर २४ तास नजर असते. घरी पोहोचताच ती एकदम थांबते. आजार मात्र त्याच वेळी थांबत नाही.

निफाड तालुक्यातील गोदाकाठचे सायखेडा हे गाव नकाशावर पाहिले तर ही अडचण लगेच ध्यानात येते. नाशिक शहर इथून साधारण तीसेक किलोमीटरवर. मोठी तपासणी, शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभाग म्हटले की सायखेडा, चांदोरी, शिंगवे, करंजगाव, भेंडाळी, म्हाळसाकोरे या पट्ट्यातली माणसे नाशिकची वाट धरतात. जिल्हा रुग्णालय, विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय, आडगावचे वैद्यकीय महाविद्यालय आणि असंख्य खासगी रुग्णालये तिथे आहेत. जाताना रुग्णवाहिका असते, सोबत चार माणसे असतात, घाई असते. परतताना हातात एक फाइल, औषधांची पिशवी आणि ‘८ दिवसांनी दाखवायला या’ एवढे वाक्य असते. नाशिकच्या तज्ज्ञाने काय केले हे गावातल्या डॉक्टरांना ठाऊक नसते. गावात रुग्णाचे काय चालले आहे हे नाशिकच्या तज्ज्ञाला कळत नाही. दोन्ही टोकांना चांगले डॉक्टर असूनही मधल्या तीस किलोमीटरची जबाबदारी कोणाचीच नसते.

वैद्यकशास्त्रात या टप्प्याचा स्वतंत्र अभ्यास होतो. रुग्ण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना त्याची माहिती, औषधे आणि जबाबदारी नीट हस्तांतरित होते का, हा त्या अभ्यासाचा प्रश्न. सोप्या भाषेत सांगायचे तर ही उपचारांची सोपवणूक आहे. शेतीची वाटणी करताना आपण बांध, विहीर, पाण्याची पाळी सगळे कागदावर घेतो. रुग्णाची सोपवणूक मात्र पुष्कळदा दारात उभ्याउभ्या होते.

परत दाखल होण्याचा हिशेब

या प्रश्नाचा आवाका जगाला दिसला तो २००९ मध्ये. अमेरिकेत ज्येष्ठांसाठी असलेल्या ‘मेडिकेअर’ या सरकारी विमा योजनेतील रुग्णांचा मोठा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. घरी सोडलेल्या दर पाचांपैकी जवळपास एक रुग्ण, म्हणजे १९.६ टक्के, ३० दिवसांच्या आत पुन्हा रुग्णालयात दाखल झाला होता. त्याहून बोलकी होती ती दुसरी नोंद. शस्त्रक्रिया न झालेल्या, पण ३० दिवसांत परत दाखल झालेल्या रुग्णांपैकी निम्म्यांच्या बाबतीत मधल्या काळात कोणत्याही डॉक्टरांना दाखवल्याची नोंद नव्हती. म्हणजे घर आणि रुग्णालय यांच्यामध्ये कोणी भेटलेच नव्हते.

यातली प्रत्येक वेळ टाळता येते असे नाही. काही आजार मुळातच उलटणारे असतात. शिवाय रुग्णालयातून बाहेर पडणारा माणूस आतून थकलेला असतो. अपुरी झोप, कमी जेवण, दिवसेंदिवस पडून राहिल्याने गळालेले स्नायू, नव्या औषधांचा परिणाम आणि मनावरचा ताण या सगळ्यांनी त्याचे शरीर कमकुवत झालेले असते. येल विद्यापीठाचे हृदयरोगतज्ज्ञ हार्लन क्रुमहोल्झ यांनी २०१३ मध्ये या अवस्थेला ‘रुग्णालयोत्तर लक्षणसमूह’ या अर्थाचे नाव दिले. त्यांचा मुद्दा असा की, न्यूमोनियातून बरा होऊन घरी गेलेला रुग्ण पुढच्या महिनाभरात न्यूमोनियासाठीच परत येतो असे नाही. तो पडतो, त्याच्या पोटात बिघाड होतो, दुसराच संसर्ग होतो, हृदयावर ताण येतो. म्हणून ‘आजार बरा झाला’ आणि ‘माणूस बरा झाला’ या दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात.

घोळ नेमका कुठे होतो?

सर्वांत मोठा घोळ औषधांचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी हानी टाळण्यासाठी जागतिक मोहीम सुरू केली. तिच्या तीन प्रमुख विषयांपैकी एक होता रुग्णाची जागा बदलताना होणाऱ्या औषधांच्या चुका. त्या कशा होतात हे गावातल्या कोणत्याही घरातल्या औषधांच्या डब्यात पाहायला मिळते.

समजा, ६२ वर्षांच्या एका शेतकऱ्याला रक्तदाब आणि मधुमेह आहे. तो अनेक वर्षे गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्या घेतो. छातीत दुखले म्हणून नाशिकला नेले, स्टेंट बसवला, ५ दिवसांनी घरी सोडले. नव्या चिठ्ठीत ८ गोळ्या आहेत. जुन्या डब्यात ४ आहेत. जुन्या चालू ठेवायच्या की बंद करायच्या, हे चिठ्ठीत लिहिलेले नाही. जुन्या डब्यात मेटोप्रोलोल एका कंपनीच्या नावाने आहे आणि नव्या पिशवीत तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने. वेष्टनाचा रंग वेगळा, नाव वेगळे. घरचे दोन्ही देतात. दोन दिवसांत नाडी मंदावते, उठताना चक्कर येते, आणि ‘अशक्तपणा आला’ म्हणून सलाइन लावले जाते.

उलट बाजूही तितकीच घातक. स्टेंट बसवल्यावर रक्त गोठू नये म्हणून सहसा ॲस्पिरिनसोबत दुसरे औषध दिले जाते आणि ती जोडी डॉक्टर सांगतील तितके महिने, पुष्कळदा वर्षभर, चालू ठेवायची असते. चिठ्ठी १५ दिवसांची असते. पट्टी संपते. छातीत दुखत नाही, म्हणून ‘कोर्स पूर्ण झाला’ असे समजून गोळी थांबते. अशा वेळी स्टेंटमध्ये अचानक गुठळी होऊ शकते आणि पहिल्यापेक्षा मोठा झटका येऊ शकतो. तिसरा प्रकार वेदनाशामकांचा. हृदय कमकुवत असलेल्या किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या रुग्णाचे गुडघे दुखतात, घरचे मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची पट्टी आणतात. या गोळ्या शरीरात पाणी धरून ठेवतात, मूत्रपिंडावर भार टाकतात आणि पायावरची सूज, धाप परत येते.

दुसरा घोळ राहिलेल्या अहवालांचा. रुग्णाला घरी सोडले तेव्हा लघवीचा किंवा रक्ताचा कल्चर अहवाल यायचा असतो. काढलेल्या गाठीचा तुकडा तपासणीला गेलेला असतो. अहवाल चार-आठ दिवसांनी प्रयोगशाळेत येतो आणि तिथेच पडून राहतो. जे प्रतिजैविक चालू आहे ते त्या जंतूवर चालतच नाही, असे त्यात लिहिलेले असू शकते. गाठीचा अहवाल कर्करोगाचा असेल तर वाया गेलेला प्रत्येक महिना महाग पडतो.

तिसरा घोळ पथ्याचा. आपल्याकडे पथ्य म्हणजे आंबट, वांगे, हरभऱ्याची डाळ बंद हे सर्वांना माहीत असते. हृदय कमकुवत झालेल्या रुग्णाला मात्र सांभाळायचे असते ते मीठ. ‘कमी मीठ’ म्हणजे भाजीत कमी मीठ एवढेच समजले जाते. लोणचे, पापड, चटणी, फरसाण, खारवलेल्या मिरच्या ताटात तशाच राहतात. मधुमेहाच्या रुग्णाच्या बाबतीत याच्या उलट घडते. तोंडाला चव नाही म्हणून जेवण निम्म्यावर येते, पण इन्सुलिनची मात्रा रुग्णालयात होती तेवढीच दिली जाते आणि पहाटे साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते.

चौथा घोळ वेळेचा. फेरतपासणीची तारीख नाशिकच्या दिनदर्शिकेवर ठरते. सायखेड्याची दिनदर्शिका वेगळी असते. जानेवारी ते एप्रिल द्राक्षांची काढणी, ऑक्टोबरमध्ये छाटणी, कांद्याचे लिलाव, उसाची तोड. मालाची गाडी भरायची त्याच दिवशी फेरतपासणी असेल तर काय मागे पडणार हे सांगायला नको. ‘बरे वाटतेय, पुढच्या आठवड्यात जाऊ’ म्हणत तारीख निघून जाते. थंडीत निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली जातो, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातले तापमान वर्तमानपत्रांत छापून येते. त्या दिवसांत दम्याच्या आणि फुप्फुसाच्या जुन्या विकाराच्या रुग्णांना जास्त जपावे लागते. पावसाळ्यात गोदावरीची चिंता. ४ ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सायखेडा आणि चांदोरी पाण्याने वेढले गेले. अशा वेळी घरात ४ दिवसांच्याच गोळ्या असतील किंवा डायलिसिसची पाळी दुसऱ्या दिवशी असेल तर रस्ता बंद होणे म्हणजे उपचार बंद होणे.

द्राक्षबागांत कामाला पेठ, सुरगाण्याकडून येणाऱ्या मजुरांची सोपवणूक तर आणखी अवघड. आजारी पडायचे निफाडात, दाखल व्हायचे नाशिकला आणि बरे व्हायचे डोंगरातल्या पाड्यावर. त्यांच्या गावच्या आरोग्य केंद्राला याचा पत्ताही नसतो.

बाळाला तारखा आहेत, आजोबांना नाहीत

या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रानेच जगाला दिले आहे, ते गडचिरोलीतून. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात गावातल्याच महिलांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, तापमान मोजणे, ऊब देणे, अंगावर पाजण्यात मदत करणे, संसर्गाची लक्षणे ओळखणे आणि ठरलेले उपचार करणे, असे ते काम. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. तुलनेच्या गावांच्या मानाने या गावांतील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता.

पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने ‘गृहाधारित नवजात शिशू काळजी’ हा कार्यक्रम देशभर सुरू केला. प्रसूती रुग्णालयात झाली असेल तर आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशी ६ वेळा घरी जाते. घरी प्रसूती झाली असेल तर पहिल्या दिवसाची भेट धरून ७ वेळा. प्रत्येक भेटीत काय पाहायचे याचा छापील तक्ता असतो, आणि कामाचा मोबदला ठरलेला असतो. त्याच वर्षी सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आई आणि बाळाला सरकारी रुग्णालयातून घरी मोफत पोहोचवण्याची सोयही आहे.

या व्यवस्थेचे बळ तिच्या साधेपणात आहे. कोण जाणार, कोणत्या दिवशी जाणार, काय पाहणार आणि बिघाड दिसला तर कुठे पाठवणार, ही चार उत्तरे आधीच लिहिलेली आहेत. त्याच घरातले आजोबा पक्षाघातानंतर नाशिकहून परत आले तर या चारपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर कोणाकडे नसते. आशा कार्यकर्ती बाळ पाहायला त्याच ओसरीवरून आत जाते. खाटेवरच्या आजोबांची चौकशी ती माणुसकी म्हणून करते, पण तिच्या तक्त्यात त्यांच्यासाठी रकाना नसतो.

अर्थात, सगळेच काम आशांवर टाकून भागणार नाही. त्यांच्यावर आधीच लसीकरणापासून सर्वेक्षणांपर्यंत कामांचा डोंगर आहे. वाढीव काम द्यायचे तर शिक्षण, साधने आणि मोबदला सोबत द्यावा लागेल.

काय केल्याने फरक पडतो?

अमेरिकेतील डॉ. एरिक कोलमन यांनी रुग्णासोबत एक ‘मार्गदर्शक’ देऊन पाहिला. हा मार्गदर्शक औषधे स्वतः देत नसे. तो रुग्णाला आणि घरच्यांना चार गोष्टी शिकवी: औषधांवर पकड, स्वतःजवळ ठेवायची नोंदवही, वेळेवर फेरतपासणी आणि धोक्याची लक्षणे ओळखणे. एक भेट रुग्णालयात, एक घरी आणि नंतर काही फोन. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ३० दिवसांत परत दाखल होण्याचे प्रमाण ११.९ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आले. बोस्टनमध्ये डॉ. ब्रायन जॅक यांच्या गटाने २००९ मध्ये असाच प्रयोग मांडला. परिचारिकेने सोप्या भाषेतली पुस्तिका तयार करून समजावून सांगायची आणि २ ते ४ दिवसांनी औषधतज्ज्ञाने घरी फोन करायचा. त्याने पुढच्या महिन्यातील रुग्णालयाच्या वाऱ्या सुमारे ३० टक्क्यांनी घटल्या.

भारतातला अनुभव दोन्ही बाजू दाखवतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर घरी गेलेल्या रुग्णांवर १४ भारतीय रुग्णालयांत झालेला ‘स्प्रेड’ हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी वर्षभर पाठपुरावा केलेल्या गटात औषधे नियमित घेणाऱ्यांचे प्रमाण ९७ टक्के होते, तर नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांत ९२ टक्के. रक्तदाबही पहिल्या गटात जास्त आटोक्यात होता.

दुसरीकडे ‘अटेंड’ या अभ्यासात पक्षाघाताच्या १२५० रुग्णांच्या घरच्यांना व्यायाम आणि शुश्रूषा शिकवून पाहिली गेली. हाही अभ्यास देशातल्या १४ केंद्रांवर झाला. शिक्षण रुग्णालयात सुरू होऊन घरी २ महिन्यांपर्यंत चालले. सहा महिन्यांनी पाहिले तर मृत्यू किंवा परावलंबन यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के होते. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेला हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. ‘घरच्यांना शिकवा, तेच करतील’ असे म्हणून व्यवस्थेने हात झटकले तर ते पुरेसे नाही, हे त्यातून कळते. औषधांची शिस्त, जखमेची काळजी, धोक्याची खूण ओळखणे हे घरचे शिकू शकतात. पक्षाघातानंतरचे हात-पाय परत चालते करण्याचे काम शिकलेल्या फिजिओथेरपिस्टचे आहे आणि तो रुग्णाच्या गावाजवळ मिळायला हवा.

कागदावरचे हक्क

सोपवणूक नीट व्हावी यासाठी काही तरतुदी आजही आहेत, त्या मागून घ्याव्या लागतात. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्याव्यात, असे वैद्यकीय परिषदेची २००२ ची नियमावली सांगते. औषधांची मूळ नावे स्पष्ट, शक्यतो मोठ्या ठळक अक्षरांत लिहावीत, असे त्याच नियमावलीत २०१६ मध्ये जोडले गेले. मूळ नाव वाचता आले की दोन कंपन्यांची एकच गोळी दोनदा घेण्याची चूक मेडिकलवाल्याच्याही लक्षात येते. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांसाठीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे.

पैशाची बाजूही पाहावी. ‘आयुष्मान भारत’ योजनेच्या पॅकेजमध्ये घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांपर्यंतचा औषधे आणि पाठपुराव्याचा खर्च धरलेला असतो. राज्याच्या जन आरोग्य योजनेच्या नियमांतही डिस्चार्जनंतरच्या १० दिवसांच्या औषधांची तरतूद ठेवलेली होती. योजनेतून उपचार झाले असतील तर आपल्या पॅकेजमध्ये घरी न्यायची कोणती औषधे आहेत आणि किती दिवसांची, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. घरी आल्यावर त्याच गोळ्या विकत आणल्यावर ही तरतूद कळून उपयोग नसतो.

गावात काय करता येईल?

नवी इमारत किंवा नवे यंत्र नसतानाही पुष्कळ काही होऊ शकते. आरोग्य उपकेंद्रांत आता ठिकठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. रक्तदाब, साखर तपासणे हे त्यांचे रोजचे काम आहे. ‘ई-संजीवनी’द्वारे दूरच्या डॉक्टरांचा सल्ला घेण्याची सोयही आहे. नाशिकहून रुग्ण परतला की त्याच आठवड्यात फाइल घेऊन एकदा उपकेंद्रात किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे जायचे, एवढा रिवाज पडला तरी औषधांचे निम्मे घोळ तिथेच सापडतील. रुग्णालयांनी आपल्या बाजूने दोन गोष्टी कराव्यात. डिस्चार्ज कार्डावर ‘नवे, बदललेले, बंद केलेले’ अशी औषधांची तीन रकान्यांची यादी मराठीत द्यावी. आणि तिसऱ्या दिवसाच्या आत घरी एक फोन करावा. पाच मिनिटांच्या त्या फोनवर तीन प्रश्न पुरतात: सगळी औषधे मिळाली का, त्रास काय होतो आहे, फेरतपासणीला कधी येताय?

डॉक्टरांनी समजावून सांगितल्यावर ‘समजले का?’ असे विचारले तर समोरचा मान हलवतोच. त्याऐवजी ‘घरी गेल्यावर ही गोळी कधी, कशी द्याल ते सांगा पाहू,’ असे विचारले तर कुठे अडले आहे ते लगेच दिसते. ही पद्धत जगभर शिकवली जाते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. हे ज्याला समजावले जाते तो माणूसही योग्य हवा. पुष्कळदा कागदावर सही करणारा मुलगा ऐकून घेतो आणि गोळ्या देणारी सून किंवा पत्नी घरी असते. गोळ्या जिच्या हातून जाणार तिलाच डिस्चार्जच्या वेळी बोलावून घ्यायला हवे.

निघण्यापूर्वी विचारा

१. आजाराचे नाव काय, काय उपचार केले, हे मराठीत दोन ओळींत लिहून मिळेल का?

२. घरच्या जुन्या गोळ्यांपैकी कोणत्या चालू, कोणत्या बंद? यासाठी जुन्या गोळ्यांचा डबा रुग्णालयात सोबत न्यावा.

३. प्रत्येक गोळी किती दिवस घ्यायची? पट्टी संपली तर तीच परत आणायची का? कोणती गोळी स्वतःहून कधीच थांबवायची नाही?

४. कोणता अहवाल यायचा राहिला आहे? तो कधी, कुठे, कोणाकडून मिळेल?

५. काय खायचे, मीठ-पाणी किती, आंघोळ, चालणे, जिना, शेतातले काम, फवारणी, मोटारसायकल कधीपासून?

६. फेरतपासणीचा दिवस कोणता? लिलाव किंवा काढणीमुळे तो जमणार नसेल तर तिथेच बदलून घ्यावा.

७. रात्री त्रास झाला तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा?

८. टाके कधी, कोण काढणार? नळी, पिशवी, इन्सुलिनचे इंजेक्शन असेल तर घरच्या माणसाने ते परिचारिकेसमोर एकदा स्वतः करून दाखवावे.

थांबू नका अशी लक्षणे

हृदय कमकुवत असलेल्या रुग्णाचे वजन रोज सकाळी, लघवीनंतर आणि नाश्त्यापूर्वी करावे. ३ दिवसांत २ किलो वजन वाढले, पायावर सूज आली किंवा आडवे झाल्यावर धाप लागली तर डॉक्टरांना लगेच कळवावे. शस्त्रक्रियेच्या जखमेतून पू, वाढती लाली, ताप किंवा टाके उसवणे दिसले तर फेरतपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. मधुमेहाच्या रुग्णाला घाम, थरथर, गोंधळल्यासारखे झाले आणि साखर ७० च्या खाली असेल, तर शुद्धीत असताना साखरपाणी द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये. डेंगीत ताप उतरल्यावर पोटात खूप दुखणे, सतत उलट्या, रक्तस्राव किंवा सुस्ती आली तर ती बरे होण्याची खूण नसून धोक्याची आहे. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, शुद्ध हरपणे यांपैकी काहीही झाले तर १०८ वर फोन करावा आणि रुग्णाला नेताना जुनी फाइल सोबत घ्यावी.

पावसाळ्यात नदीकाठच्या घरांनी आणखी एक करावे. नेहमीच्या औषधांचा किमान १५ दिवसांचा साठा आणि फाइलच्या छायाप्रती प्लास्टिकच्या पिशवीत, उंचावर ठेवाव्यात. पानांचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असावेत.

रुग्णालयाच्या खाटा कमी, डॉक्टरांवर भार जास्त, त्यामुळे रुग्णाला लवकर घरी सोडणे आता वाढतच जाणार. घरी लवकर जाणे रुग्णाच्याही हिताचे असते. मात्र जितके लवकर सोडले जाईल तितके उरलेले उपचार घरावर येतील, आणि घराला त्याची तयारी करून द्यावी लागेल. नवजात बाळाच्या बाबतीत गडचिरोलीच्या गावांनी हे करून दाखवले. त्यासाठी त्यांना लागल्या त्या एक शिकवलेली गावकरी महिला, एक वजनकाटा, एक तक्ता आणि ठरलेल्या तारखा. तशाच चार तारखा खाटेवरच्या मोठ्या माणसाच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिणे आणि त्या दिवशी कोणीतरी दारात येणे, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.